बंधुप्रेमाच्या नगरीचें कर्जखत

इ. स. २०२६ च्या जानेवारी महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एक दिसण्यांत लहानशी गोष्ट घडली. त्या देशाचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ज्या घरांत राहून राज्यकारभार पाहत असे, त्या घराच्या जागीं २०१० पासून एक उघडें स्मारक आहे. वॉशिंग्टननें त्या घरांत नऊ गुलाम ठेवले होते, ही हकीकत सांगणारे फलक तेथील भिंतींवर होते. देशाच्या पूर्वजांची अप्रतिष्ठा करणारा मजकूर सरकारी स्मारकांवर असूं नये, अशा आशयाचा अध्यक्षांचा हुकूम मार्च २०२५ मध्यें सुटला होता. त्याच्या अंमलबजावणींत सरकारी नोकर आले, त्यांनीं ते फलक उतरविले आणि गाडींत घालून नेले. भिंतींत कोरलेलीं नऊ नांवें तेवढीं मागें राहिलीं. शहरानें सरकारविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली. त्या दाव्याचा कायदेशीर भाग वकील पाहून घेतील. आम्हांस येथें निराळ्याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे, आणि तो मुद्दा असा कीं, असे फलक उतरविल्यानें त्या शहराची कीर्ति राखली जाते, कीं उलट गमावली जाते?

या प्रश्नाशीं मराठी वाचकास काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, अमेरिकेंतील फार थोड्या शहरांशीं महाराष्ट्राचा इतका जुना व जिव्हाळ्याचा संबंध आहे. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्च महिन्यांत तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तो पदवीदान समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. आणि उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ मध्यें त्याच शहरांत प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून फिलाडेल्फिया म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती देवघरांतील तसबीर. ग्रीक भाषेंत त्या नांवाचा अर्थ बंधुप्रेम. तें शहर वसविणारा विल्यम पेन धर्मशील, बेंजामिन फ्रँक्लिन बुद्धिमान, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथला, १७८७ ची राज्यघटना तेथली, आणि तडा गेलेली ती प्रसिद्ध घंटाहि तेथलीच. हार घालावा, हात जोडावे, आणि पुढें जावें.

अलीकडे या भक्तांस उत्तर देणारा निंदकांचा दुसरा पक्ष निघाला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, हें सगळें ढोंग होय. समतेचा जाहीरनामा लिहिणारे स्वतः गुलामांचे धनी होते; तेव्हां त्यांचीं तत्त्वें ही निव्वळ बोलाचीच कढी. हे दोन पक्ष एकमेकांवर कितीहि तुटून पडोत, त्यांचें एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. तीं तत्त्वें संस्थापकांच्या मालकीचीं होतीं, असें दोघेहि धरून चालतात. एक पक्ष मालकाची आरती ओवाळतो, दुसरा मालकास शिव्या देतो. मालकी दोघांनाहि मान्य आहे.

आमचा वाद याच गृहीतकाशीं आहे. आमचें म्हणणें असें कीं, बंधुप्रेम हें त्या शहराचें वर्णन कधींच नव्हतें. तें एक कर्जखत होतें. थोर पुरुषांनीं तें लिहिलें व त्याखालीं सही केली. परंतु त्यांतील रक्कम त्यांनीं आपखुषीनें क्वचितच चुकती केली. ज्यांचीं नांवें त्या खतांत घातलींच नव्हतीं, त्यांनीं पिढ्यान् पिढ्या दारीं उभें राहून ती वसूल केली. त्या शहराचा खरा इतिहास म्हणजे या वसुलीचा इतिहास होय.

कर्जखताची ही भाषा आम्ही अलंकारासाठीं योजिलेली नाहीं. त्या वसाहतीचा जन्मच एका कर्जांतून झाला आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस हा पेनच्या बापाचें सुमारें १६००० पौंड देणें लागत होता. तें फेडण्यासाठीं राजानें १६८१ मध्यें अमेरिकेंतील एक विस्तीर्ण प्रदेश मुलाच्या नांवें करून दिला. तो प्रदेश लेनापी लोकांचा होता, आणि राजाच्या कर्जाशीं त्यांचा कसलाहि संबंध नव्हता. राजानें आपलें देणें दुसऱ्याच्या जमिनीनें भागविलें! पेन मात्र राजापेक्षां प्रामाणिक निघाला. त्यानें लेनापींशीं करार केले, जमिनीचा मोबदला दिला, आणि स्वतः दिलेला शब्द बव्हंशीं पाळला. हें त्याचें श्रेय आम्ही कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु त्याच पेनच्या शेतवाडीवर गुलाम राबत होते. आणि शहर वसून दोन वर्षें होतात न होतात तोंच, १६८४ मध्यें, ‘इझाबेला’ नांवाचें जहाज १५० आफ्रिकी माणसें घेऊन तेथील धक्क्यास लागलें, व नव्या वसाहतवाल्यांनीं तीं विकत घेतलीं.

बापानें पाळलेला शब्द मुलांनीं मोडला. जुन्या काळच्या एका कागदाच्या आधारें पेनच्या मुलांनीं असा हक्क सांगितला कीं, मनुष्य दीड दिवसांत जितकें अंतर चालून जाईल तितकी जमीन लेनापींनीं आपल्या घराण्यास दिलेली आहे. १७३७ च्या सप्टेंबरांत तें अंतर मोजण्याचें ठरलें. लेनापींची समजूत अशी कीं, माणूस चालेल, दमेल, बसेल, दोन घांस खाईल. मुलांनीं काय केलें? आगाऊ रान तोडून वाट मोकळी केली व चपळ असे तीन गडी पैसे देऊन आणले. त्यांपैकीं दोघे वाटेंत गळाले. तिसरा साठांहून अधिक मैल गेला. अशा रीतीनें सुमारें १२०० चौरस मैलांचा मुलूख लेनापींच्या हातून गेला. करारांतील अक्षर न् अक्षर पाळून करार कसा बुडवावा, याचा असा धडा कोणत्याहि सावकारास गिरवतां यावा.

येथें भक्तांचा नेहमींचा आक्षेप पुढें येतो. ते म्हणतात, “त्या काळच्या माणसांस आजच्या मापानें मोजूं नका. तेव्हां गुलामगिरीस कोणीच वाईट मानीत नव्हतें.” हा आक्षेप वरवर समंजस दिसतो, पण तो खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचा पुरावा त्याच शहराच्या दप्तरांत आहे. १६८८ मध्यें, म्हणजे शहर वसून सहाच वर्षें झालीं असतां, जवळच्या जर्मनटाऊन वस्तींतील चार गृहस्थांनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी अर्ज केला. फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस हा त्यांतला एक. जें आपल्यास होऊं नये असें वाटतें तें दुसऱ्यास करूं नये, या साध्या नियमावर त्यांनीं आपला अर्ज उभारला होता. क्वेकर पंथाच्या स्थानिक सभेनें तो वरच्या सभेकडे पाठविला, तिनें तिच्या वरच्या सभेकडे पाठविला, आणि तेथें तो बासनांत पडला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें आपल्या पंथीयांस गुलाम बाळगण्याची मनाई केली ती १७७६ मध्यें. म्हणजे एका अर्जाचा निकाल लागण्यास ८८ वर्षें लागलीं. तेव्हां आम्ही पूर्वजांस मोजतों तें माप आजचें नव्हे. तें १६८८ चें माप आहे, आणि तें त्यांच्याच मेजावर पडून होतें.

वॉशिंग्टनचें उदाहरण तर याहूनहि बोलकें आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानें १७८० मध्यें गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला होता. तो कसा हळू होता तें पाहा. त्या दिवशीं गुलाम असलेला एकहि मनुष्य त्यानें मुक्त झाला नाहीं. पुढें जन्मणाऱ्या मुलांनींहि अठ्ठावीस वर्षांचें होईपर्यंत धन्याची चाकरी करावयाची होती. परंतु त्यांत एक कलम असें होतें कीं, परप्रांतीय धन्यानें आपला गुलाम त्या प्रांतांत सहा महिने ठेवल्यास त्या गुलामास मुक्ततेचा हक्क सांगतां येई. १७९० पासून दहा वर्षें फिलाडेल्फिया ही राजधानी होती. तेथें राहावयास आलेल्या अध्यक्षानें या कलमांतून वाट काढली ती अशी कीं, सहा महिने भरण्यापूर्वीं प्रत्येक गुलामास कांहीं ना कांहीं निमित्तानें प्रांताबाहेर न्यावें व पुन्हां आणावें. हें निमित्त असें असावें कीं, खरें कारण त्या गुलामांस कळूं नये आणि लोकांसहि कळूं नये, असें त्यानें १७९१ मध्यें आपल्या चिटणीसास लिहून कळविलें. ज्या कृत्याची काळाला लाज वाटत नाहीं, तें कृत्य लोकांपासून लपवावें कशास? लपविण्याची ही इच्छाच सांगते कीं, चांगलें काय नि वाईट काय हें त्या काळास पुरतें ठाऊक होतें. जी गोष्ट अध्यक्षानें तेव्हां झांकली, तीच गोष्ट २०२६ मध्यें पुन्हां झांकण्यांत आली.

त्या घरांतील ओनी जज ही तरुण स्त्री २१ मे १७९६ रोजीं, घरचीं मंडळी जेवत असतां, दाराबाहेर पडली ती परत आली नाहीं. पळालेल्या गुलामांस पकडून धन्याच्या स्वाधीन करण्याचा कायदा वॉशिंग्टननें याच शहरीं १७९३ मध्यें सही करून मंजूर केला होता. तिला परत आणण्यासाठीं त्यानें सरकारी अधिकाऱ्यांकरवीं खटपट केली. पण ती हातीं लागली नाहीं. १८४८ मध्यें ती न्यू हॅम्पशायरांत वारली, तेव्हांहि कायद्याच्या दृष्टीनें ती गुलामच होती. आतां वाचकांनींच सांगावें, १७७६ च्या जाहीरनाम्याचा अर्थ या शहरांत त्या दिवशीं कोणाला अधिक समजला होता? तो मंजूर करणाऱ्या पिढीच्या अग्रणीला, कीं त्याच्या दारांतून निघून गेलेल्या या स्त्रीला?

जाहीरनाम्याच्या जन्माची गोष्टहि अशीच आहे. जेफर्सन एका भाड्याच्या बिऱ्हाडांत बसून सर्व माणसें समान असल्याचें वाक्य लिहीत होता, तेव्हां त्याच्या सेवेस रॉबर्ट हेमिंग्ज नांवाचा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. निंदक ही गोष्ट विजयानें सांगतात व येथेंच थांबतात. पण थांबण्याची जागा ही नव्हे. लिहिणारा त्या वाक्याला पुरा पडला नाहीं, एवढेंच यावरून सिद्ध होतें. वाक्य खोटें ठरत नाहीं. सही करणाऱ्यानें पैसे दिले नाहींत म्हणून खत फाडून टाकावें, असें बुडव्या ऋणको म्हणेल. धनको कसा म्हणेल? आणि फिलाडेल्फियांतील धनकोंनीं तें खत कधींच फाडलें नाहीं.

१७९३ च्या उन्हाळ्यांत शहरांत पिवळ्या तापाची साथ आली. सुमारें ५०,००० वस्तींतून ५,००० माणसें दगावलीं. ज्यांस शक्य होतें ते पळाले, सरकारहि पळालें. कृष्णवर्णीय लोकांस हा ताप होत नाहीं, अशी प्रसिद्ध वैद्य बेंजामिन रश याची चुकीची समजूत होती. तिला अनुसरून त्यांस मदतीची हांक देण्यांत आली. रिचर्ड ॲलन व अॅब्सलम जोन्स या दोघां पुढाऱ्यांनीं माणसें जमविलीं. त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेतें उचललीं, खड्डे खणले, आणि ताप त्यांसहि सोडीत नव्हता. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी नांवाच्या प्रकाशकानें आपल्या पुस्तिकेंत लिहिलें कीं, कृष्णवर्णीय परिचारकांपैकीं कांहींनीं संकटाचा फायदा घेऊन पैसे उकळले व चोऱ्या केल्या. हा केरी स्वतः साथीचा बराच काळ शहराबाहेर होता. ॲलन व जोन्स यांनीं १७९४ मध्यें उत्तरादाखल आपली पुस्तिका छापली. तींत त्यांनीं रागाचे शब्द थोडे घातले आणि हिशेब पुरा दिला: प्रेतें पुरण्याबद्दल वगैरे जमा सुमारें २३३ पौंड, पेट्या व मजूर यांचा खर्च ४११ पौंड. वरची तूट त्यांनीं आपल्या पदरची सोसली होती. बंधुप्रेम या शब्दाचा त्या शहरांतील पहिला छापील ताळेबंद कोणता, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही या पुस्तिकेकडे बोट दाखवूं. त्याच वर्षीं ॲलननें बेथेल चर्च उघडलें. गोऱ्यांच्या देवळांत प्रार्थनेच्या वेळीं आपल्या लोकांस जागेवरून उठविण्यांत आल्यावर बाहेर पडलेल्यांचें तें देऊळ. तें आजहि त्याच जागेवर उभें आहे.

आतां त्या घंटेकडे वळूं. ती १७५० नंतरच्या दोन चार वर्षांत प्रांताच्या राजसभागृहासाठीं करविलेली. स्वातंत्र्य पुकारण्याची बायबलांतील आज्ञा तिच्यावर कोरलेली होती. पण पाऊणशें वर्षें तिला कोणी स्वातंत्र्याची घंटा म्हटलें नाहीं. ती नुसती राजसभागृहाची घंटा होती. स्वातंत्र्यघंटा हें नांव तिला १८३५ च्या सुमारास गुलामगिरीच्या विरोधकांनीं दिलें. कारण तिच्यावरील अक्षरें त्यांनीं वाचलीं आणि तीं सर्वांस लागू आहेत असें मानलें. आज लाखों प्रवासी ज्या नांवासाठीं तिला पाहण्यास जातात, तें नांव संस्थापकांनीं दिलेलें नाहीं, वसुली करणाऱ्यांनीं दिलेलें आहे. आणि त्याच घंटेच्या दालनाच्या दाराशीं उभे असलेले फलक उतरविण्यांत आले! घंटा ठेवावयाची आणि तिला नांव देणाऱ्यांची कैफियत पुसून टाकावयाची, यास देशाभिमान म्हणतात कीं अज्ञान?

हें नांव देणाऱ्यांस शहरानें काय बक्षीस दिलें तेंहि पाहण्यासारखें आहे. कोणी सभेस जागा देईना, म्हणून त्यांनीं वर्गणी करून ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ नांवाची भव्य वास्तु बांधली. ती १४ मे १८३८ रोजीं उघडली. १६ तारखेस अँजेलिना ग्रिम्के हिचें भाषण चालू असतां खिडक्यांवर दगड आदळत होते. १७ तारखेस मेयरानें किल्ल्या आपल्या ताब्यांत घेतल्या, जमावास घरीं जाण्याचा उपदेश केला, आणि तो स्वतः घरीं गेला. जमावानें दारें फोडून आग लाविली. बंबवाले आले व त्यांनीं आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारलें. पेटलेल्या वास्तूवर नाहीं. चार दिवसांत सभागृहाची राख झाली. त्याच वर्षीं प्रांताच्या नव्या घटनेनें मताचा हक्क गोऱ्या पुरुषांपुरता करून टाकला. आगीची ही चटक एकाच जातीपुरती राहिली नाहीं. १८४४ मध्यें आयरिश कॅथलिकांचीं देवळें त्याच शहरांत जाळण्यांत आलीं. आणि अशा दंग्यांस आवर घालणारी एक सत्ता असावी म्हणून १८५४ मध्यें आसपासचीं सर्व गांवें शहरांत सामील करण्यांत आलीं. आजचें विस्तृत फिलाडेल्फिया असें निपजलें.

यादवी युद्धानंतर वसुलीस जोर आला. ऑक्टेव्हियस कॅटो हा तरुण शिक्षक ट्रामगाड्यांत कृष्णवर्णीयांस बसूं द्यावें म्हणून झगडला, आणि १८६७ मध्यें तसा कायदा झाला. १८७० मध्यें मताचा हक्कहि परत मिळाला. १० ऑक्टोबर १८७१ रोजीं, निवडणुकीच्या दिवशीं, आपल्या घराजवळच्या रस्त्यावर कॅटोस गोळी घालून ठार मारण्यांत आलें. तो बत्तीस वर्षांचा होता. आरोपी १८७७ मध्यें निर्दोष सुटला. जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, तें १८७३ सालीं, म्हणजे कॅटोच्या खुनानंतर दोन वर्षांनीं. जोतीराव भाबडे होते, असा याचा अर्थ कोणी काढूं नये. ज्यांनीं गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं औदार्य व आत्मत्याग दाखविला, त्या माणसांस त्यांनीं तें पुस्तक वाहिलें. देशाच्या प्रतिष्ठेस नव्हे. हा भेद त्यांस बरोबर कळला होता. आम्ही तो विसरलों.

आनंदीबाईंच्या महाविद्यालयाची गोष्टहि याच वहींतली आहे. पुरुषांच्या विद्यालयांत स्त्रियांस घेत नव्हते, म्हणून १८५० मध्यें हें निराळें विद्यालय निघालें. १८६९ मध्यें तेथील विद्यार्थिनी शहराच्या प्रसिद्ध रुग्णालयांत पाठ ऐकण्यास गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं आरोळ्या ठोकून व अंगावर कागदाचे बोळे फेंकून त्यांचें स्वागत केलें. त्यांनीं तें सोसलें आणि त्या पुन्हां गेल्या. चौदा वर्षांनीं आनंदीबाई ज्या दारांतून आंत गेल्या, तें दार असें उघडलेलें होतें. त्याच दारांतून १८६७ मध्यें रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर होऊन गेली होती, आणि १८८९ मध्यें ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश गेली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील ती पहिली स्त्री डॉक्टर. फिलाडेल्फियानें आनंदीबाईंस आश्रय दिला असें आम्ही लिहितों, तेव्हां अर्धें सत्य लिहितों. ज्या स्त्रियांनीं फिलाडेल्फियाशीं भांडून जागा मिळविली, त्यांनीं तींतली थोडी आनंदीबाईंस दिली, हें पुरें सत्य होय.

विसाव्या शतकांत हें देणें फिटलें असेल, असें कोणास वाटत असल्यास त्यानें दोन नोंदी पाहाव्या. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानें १८९६ मध्यें शहरांतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमलें. तो सातव्या वॉर्डांत राहिला, घरोघर हिंडला, सुमारें २,५०० कुटुंबांची माहिती त्यानें जमविली, व १८९९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शहर ज्यास एका जातीचा दोष समजत होतें, तें त्या जातीला काम, घर व पगार नाकारण्याचें फळ आहे, हें त्यानें आंकड्यांनीं दाखविलें. आजहि तो ग्रंथ समाजशास्त्राचा आद्य ग्रंथ म्हणून वाचला जातो. मात्र विद्यापीठानें त्यास शिकविण्याची जागा दिली नाहीं.

दुसरी नोंद १३ मे १९८५ ची. ‘मूव्ह’ या संघटनेच्या लोकांस ओसेज ॲव्हेन्यूवरील एका घरांतून काढण्यासाठीं पोलिसांनीं हेलिकॉप्टरमधून त्या घरावर बाँब टाकला. आग लागली, आणि ती जळूं द्यावी असें अधिकाऱ्यांनीं ठरविलें. अकरा माणसें मेलीं. त्यांत पांच मुलें होतीं. शेजारपाजारचीं मिळून ६१ घरें बेचिराख झालीं. शहराचा पहिला कृष्णवर्णीय मेयर तेव्हां अधिकारावर होता. म्हणून हा प्रश्न केवळ कातडीच्या रंगाचा आहे असेंहि म्हणतां येत नाहीं. कोणाहि अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाहीं. नगरसभेनें रीतसर क्षमा मागितली ती २०२० मध्यें. १८३८ च्या मे महिन्यांत बंबवाले उभे राहून पाहत होते. १९८५ च्या मे महिन्यांतहि. ज्या शहरानें पहिली आग नीट आठवणींत ठेवली असती, त्याच्या हातून दुसरी इतक्या सहज घडली नसती, असें आम्हांस वाटतें.

याच ठिकाणीं आमचें निंदकांशींहि जुळत नाहीं. हा सारा पाढा वाचून ते म्हणतील, “आम्ही काय निराळें सांगत होतों?” निराळें हें कीं, ज्यांनीं हें सोसलें त्यांनीं तुमचा निष्कर्ष कधींच काढला नाहीं. १८१७ मध्यें मुक्त कृष्णवर्णीयांस आफ्रिकेंत पाठवून देण्याची योजना निघाली, तेव्हां बेथेल चर्चांत सुमारें ३,००० लोकांची सभा भरली. श्रीमंत शिडें-कारखानदार जेम्स फोर्टेन व रिचर्ड ॲलन यांस त्या योजनेंत कांहीं अर्थ वाटत होता. पण सभेनें ती एकमुखानें फेटाळली, आणि पुढारी लोकांच्या मागून गेले. ही भूमि आमच्या घामानें पिकली आहे, येथून आम्ही जाणार नाहीं, असा त्या ठरावाचा भावार्थ होता. हें शहर ढोंगी आहे म्हणून सोडून जाऊं, असें ते म्हणाले नाहींत. शहर ढोंगी आहे, म्हणूनच तें सोडतां येत नाहीं, असें ते म्हणाले. तत्त्व खोटें म्हणून हिणविणारा निंदक नकळत ऋणकोस सोडवितो. कारण खतच खोटें ठरलें तर देणें कोणाचें?

शेवटचा आक्षेप शांततावाद्यांचा. ते म्हणतात, “जुनीं मढीं उकरून काय मिळणार? मुलांस अभिमान वाटेल असें कांहीं दाखवावें.” त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, अभिमान कोणाचा? सहा महिन्यांच्या आंत माणसें हलविणाऱ्याचा, कीं जेवणाची वेळ साधून निघून गेलेल्या ओनी जजचा? जमावापुढून घरीं गेलेल्या मेयराचा, कीं दगड पडत असतां बोलत राहिलेल्या ग्रिम्केचा? त्या शहराच्या इतिहासांत अभिमान वाटण्याजोगीं माणसें पुष्कळ आहेत. पण ज्या फलकांवर तीं भेटतात तेच तुम्ही उतरवितां. कॅटोचा पुतळा नगरसभागृहापुढें उभा राहण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. तो पाहून कोणा गोऱ्या मुलाची मान खालीं गेली, असें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

आमच्या भाषेंत पत हा एक मोठा मार्मिक शब्द आहे. अब्रूलाहि तोच, आणि बाजारांतल्या उधारीलाहि तोच. ज्याचीं देणीं फिटलीं त्याची पत राहते; आणि देणें फिटल्याचा पुरावा म्हणजे पावती. फिलाडेल्फियाच्या भिंतीवरील ते फलक म्हणजे अशा पावत्या होत्या. त्यांवर देण्याची नोंद होती, विलंबाची नोंद होती, आणि कोणीं कोणत्या मोलानें वसुली केली याचीहि नोंद होती. पावत्या जाळल्यानें कर्ज नाहींसें होत नाहीं. फेडलेला भाग मात्र सिद्ध करतां येईनासा होतो. पूर्वजांची अब्रू राखण्यासाठीं ज्यांनीं फलक उतरविले, त्यांनीं त्यांची पतच बुडविली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या अडीचशेंव्या वर्षीं त्याची याहून मोठी विटंबना दुसरी कोणती होणार?

ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलीज, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी जज, मॉल, जो. हीं तीं नऊ नांवें. तीं दगडांत खोल कोरलेलीं असल्यामुळें गाडींत घालून नेतां आलीं नाहींत. पुढच्या वेळीं आनंदीबाईंच्या शहराविषयीं कोणी मराठींत लिहावयास बसेल, तेव्हां त्यानें पेन आणि फ्रँक्लिन यांच्याबरोबर हींहि लिहावीं. त्यानें त्या शहराची निंदा होणार नाहीं. त्याच्या नांवाचा अर्थ तेवढा कळेल.